माना टाकलेल्या दोन तुळशी

शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही तुळजापूरला गेलो होतो. फेब्रुवारीचा शेवट होता आणि बालाघाटच्या डोंगरावर ऊन आताच चटके देऊ लागले होते. कार्यशाळा सुरू व्हायला अजून अर्धा तास होता, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिलो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मातीच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. दोन्हींत तुळस लावलेली. आणि दोन्ही तुळशींनी अगदी सारख्याच माना टाकलेल्या! पाने लोंबलेली, शेंडे खाली वाकलेले, मंजिऱ्या मलूल.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोड्या ओशाळून म्हणाल्या, "डावीकडच्या तुळशीचं काम सातवीतल्या एका मुलाकडे दिलंय. तो पाणीच घालत नाही. दोनदा बोलले त्याला." मुलगा जवळच सतरंज्या उचलत होता. त्याने मान वर न करता सांगितले, "रोज घालतो, बाई. दोन तांबे." बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आमचाही बसला नाही. झाड समोर सुकलेले दिसत होते.

उजवीकडच्या तुळशीला मात्र कोणा एकाने नव्हे, साऱ्या शाळेने जपले होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष या भागात कोणी विसरलेले नाही. त्या उन्हाळ्यात या शाळेने एक नियम केला. घरी जाताना बाटलीत उरलेले पाणी फेकायचे नाही, फाटकाकडे जाताना उजव्या हाताच्या कुंडीत ओतायचे. नियम उत्तम होता आणि मुले तो अजून पाळत होती.

म्हणजे एका कुंडीला पाणी मिळत नाही असा संशय होता आणि दुसरीला भरपूर मिळते याची खात्री होती. झाडे मात्र एकसारखीच सुकत होती. आम्ही ठरवलेले व्याख्यान बाजूला ठेवले आणि पहिले दोन तास या दोन कुंड्यांपाशीच घालवले. पुढे जे सांगणार आहोत ते बहुतेक तिथेच, त्या पायऱ्यांवर, शिक्षकांबरोबर बोलता बोलता जुळत गेले.

पान ताठ कशाने राहते?

तुळशीच्या जुन्या खोडात लाकूड असते, पण पानात आणि कोवळ्या शेंड्यात आधार देणारे लाकूड फारच थोडे. त्यांना उभे धरते ते पाणी. पानातली प्रत्येक पेशी म्हणजे सायकलचे चाक समजा. आतली पाण्याने भरलेली रिक्तिका ही ट्यूब आणि बाहेरची सेल्युलोजची पेशीभित्तिका हा टायर. पेशीतल्या द्रवात साखर, क्षार असे पदार्थ विरघळलेले असतात, त्यामुळे परासरणाने पाणी आत शिरत राहते. ट्यूब फुगते, टायरवर दाबते, टायर उलट दाबतो आणि चाक टणक होते. निरोगी पानातल्या पेशींत हा दाब साधारण पाच ते दहा वातावरणांइतका असतो. स्कूटरच्या चाकात आपण भरतो ती हवा सुमारे दोन वातावरणांची. नखाने सहज चिरडले जाणारे पान आतून केवढ्या ताणात असते, याची यावरून कल्पना यावी.

वर्गात हे दाखवायला बटाटा पुरतो. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या चार-पाच सळ्या कापा. निम्म्या साध्या पाण्यात ठेवा, निम्म्या मिठाच्या पाण्यात (एक पेला पाण्यात दोन चमचे मीठ). तासाभराने मुलांना हातात घेऊन वाकवायला सांगा. साध्या पाण्यातली सळी वाकवली की कटकन मोडते. मिठातली रबरासारखी वाकते, आणि पट्टीने मोजली तर थोडी आखूडही झालेली आढळते. ही वाकणारी सळी म्हणजेच माना टाकलेले पान. तिच्यातला पदार्थ तोच आहे, फक्त चाकातली हवा गेली आहे. बाजारातला भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी शिंपडतो आणि ओले फडके टाकतो तो याच कारणासाठी. मलूल झालेल्या जुडीचे देठ खालून पुन्हा छाटून पाण्यात उभे केले तर तासा-दोन तासांत ती ताठ होते. देठ छाटायचा कशाला? कापलेल्या टोकाशी जलवाहिन्यांत हवा शिरलेली असते, आणि हवेच्या बुडबुड्याने पाण्याचा धागा तुटतो. तेवढा भाग काढला की धागा पुन्हा जुळतो.

झाडाच्या पाण्याचा असा रोजचा जमाखर्च चालू असतो. जमा होते मुळांतून, खर्च होतो पानांवरच्या पर्णरंध्रांतून. या खर्चाचे पहिले चांगले मोजमाप स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने केले. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात त्याने ते दिले आहे. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत लावून, कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून तो ती कुंडी सकाळ-संध्याकाळ वजन करी. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत होते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच निघून जाते. हेल्सचा प्रयोग आपल्या शाळेत शिशाऐवजी प्लास्टिकची पिशवी आणि किराणा दुकानातला काटा घेऊन अगदी जसाच्या तसा करता येतो. मातीवर आणि कुंडीभोवती पिशवी बांधा, झाड बाहेर राहू द्या. जे वजन घटेल ते पानांतून गेलेले पाणी.

मान टाकणे याचा अर्थ इतकाच, की खर्च जमेपेक्षा वाढला आहे. खर्च फार झाला आहे की जमा थांबली आहे, आणि थांबली असेल तर कुठे, हे नुसते पान पाहून कळत नाही. ताप कशाचा हे कपाळाला हात लावून कळत नाही, तसेच.

सकाळी सहा वाजता पाहा

एका शिक्षकांनी सांगितले की त्यांच्या परसातला भोपळ्याचा वेल रोज दुपारी दोनला पार गळून जातो आणि ते रोज दुपारी त्याला बादलीभर पाणी घालतात. वेल संध्याकाळी उभा राहतो, म्हणून पाण्याचा गुण आला असे त्यांना वाटे. आम्ही त्यांना विचारले, पाणी न घालता कधी पाहिलेत का? नव्हते पाहिले.

हवेची पाणी ओढण्याची ताकद किती बदलते ते पाहू. ऑगस्टमधला ढगाळ दिवस घ्या, तापमान २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के. अशा हवेत बाष्पाची तूट ०.७ किलोपास्कल भरते. आता एप्रिलची दुपार घ्या, ४० अंश आणि २० टक्के. तूट होते ५.९ किलोपास्कल, म्हणजे आठपटीहून अधिक. झाड पर्णरंध्रे आवळून घेते, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च आठपट होत नाही, पण मुळांना दुपारपुरते गाठता येणार नाही इतका तो नक्कीच वाढतो. माळावरचा वारा त्यात भर घालतो, कारण पानाभोवती जमलेला दमट हवेचा पातळ थर तो सतत उडवून लावतो. भोपळ्यासारख्या मोठ्या, पातळ पानांच्या वेलीने अशा वेळी मान टाकणे हा आजार नव्हेच. पान लोंबले की त्यावर पडणारे ऊनही कमी होते, हा वेलीचा फायदाच. रात्री खर्च जवळजवळ थांबतो, मुळे काम करत राहतात आणि पहाटेपर्यंत हिशेब जुळतो.

म्हणून झाडाची परीक्षा पहाटे करावी, उन्हे येण्याआधी. दुपारी मान टाकलेले झाड पहाटे ताठ असेल तर त्याला सोडून द्या, फार तर दुपारची सावली करा. पहाटेही मान खालीच असेल तर मात्र जमेच्या बाजूला बिघाड आहे. शाळेतल्या दोन्ही तुळशी सकाळी नऊलाच मलूल होत्या, आणि शाळेच्या मामांनी सांगितले की कुलूप उघडायला सहा वाजता येतो तेव्हाही त्या तशाच असतात. पहिली पायरी झाली.

बोट आणि खांदा

दुसऱ्या पायरीला दोनच साधने लागतात. एक बोट, जे मातीत दोन पेरे खुपसायचे. दुसरे खांदा, म्हणजे कुंडी उचलून पाहायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भिजलेली आणि कोरडी कुंडी यांतला फरक हाताला सहज कळतो.

डावीकडच्या कुंडीत वरची माती ओलसर होती. बोट मात्र एका पेराच्या पुढे जाईना, खाली दगड. कुंडी उचलली तर आकाराच्या मानाने हलकी. आणि मग एका शिक्षिकेचे लक्ष कुंडीच्या कडेकडे गेले. माती आणि कुंडी यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढी फट होती, सगळीकडून. आम्ही मुलाला बोलावले आणि म्हटले, "तू रोज घालतोस तसं पाणी घाल." त्याने तांब्या ओतला. पाणी क्षणभर वर थांबले, कडेच्या फटीत शिरले आणि दहापर्यंत आकडे मोजायच्या आत खालच्या भोकातून पायरीवर आले. दुसरा तांब्याही तसाच गेला. मुलगा रोज पाणी घालत होता. झाडाला ते मिळत नव्हते. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

ही करामत आपल्या काळ्या मातीची. या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. तिचे कण एकावर एक ठेवलेल्या पत्रावळींसारखे असतात आणि त्या पत्रावळींच्या मध्ये पाणी शिरते. भिजली की ती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात भेग पडली तर पहिल्या पावसाचे पाणी खोलवर जाते, तिथे ती भेग उपकारक ठरते. कुंडीत मात्र तीच भेग गटार होते.

काळ्या मातीचा दुसरा गुण याहून फसवा आहे. ब्रिग्ज आणि शँट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९१२ साली निरनिराळ्या मातींत निरनिराळी रोपे वाढवून ती कधी कायमची कोमेजतात हे तपासले. त्यांना आढळले, की कोमेजण्याच्या वेळी मातीत किती पाणी उरले आहे, हे रोपाच्या जातीपेक्षा मातीच्या जातीवर कितीतरी अधिक अवलंबून असते. वाळूत शंभरात तीन-चार भाग पाणी उरले तरी रोप तग धरते. काळ्या चिकण मातीत मात्र वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी असतानाच रोप कोमेजते, कारण उरलेले पाणी मातीच्या कणांनी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते सोडवून घेता येत नाही. त्याला खेचायला सुमारे पंधरा वातावरणांइतका ओढ लागतो. तेव्हा काळी माती हाताला ओलसर लागली म्हणून झाडाला पाणी आहे असे समजू नये. हाताला आणि मुळाला ओलाव्याचा अनुभव वेगवेगळा येतो!

उपाय सोपा होता. पाण्याने भरलेल्या टपात कुंडी बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. फटीतून वाहून जायला पाण्याला वाटच नसते, त्यामुळे ढेकूळ सावकाश आतपर्यंत भिजते. आम्ही ती कुंडी दहाच्या सुमारास बुडवली. जेवणाच्या सुट्टीत शेंडे वर आलेले दिसले, आणि चारच्या चहाला तुळस उभी होती. पुढे सवडीने ती माती बदलावी असे सुचवले. काळी माती एक भाग, जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक भाग आणि चांगले कुजलेले खत एक भाग.

पाण्यात उभे राहून तहानलेले

उजवीकडची कुंडी उचलताना दोघे लागले. बोट मातीत चिखलात जावे तसे गेले आणि बाहेर आले तेव्हा त्याला गटाराचा वास होता. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून कोणीतरी कुंडीखाली थाळी ठेवली होती, आणि त्या थाळीत कुंडीचे भोक कायम बुडालेले असे. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे घोटभर पाणी रोज तिथे जमत होते.

पाणी इतके असताना झाड तहानलेले कसे? इथे शेतकऱ्यांचा एक शब्द फार उपयोगी पडतो, तो म्हणजे वाफसा. शहरी माणूस जमीन ओली आहे की कोरडी एवढेच पाहतो. शेतकरी पाहतो वाफसा आला आहे का, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा अशी स्थिती आहे का. मुळे जिवंत असतात, त्यांना श्वसन करावे लागते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्यापेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. साऱ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात.

गुदमरलेल्या मुळांत पाणी शिरत नाही, याचे कारण बराच काळ नीट उलगडले नव्हते. पेशींच्या पटलात पाणी जाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा असतात. या वाटांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समधील संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम करून दाखवले, की ऑक्सिजन तुटला की मुळांच्या पेशींतला द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेने या वाटांची दारे मिटतात. बाहेर पाणी आहे, आत तहान आहे आणि मधले दार बंद आहे. झाड मान टाकते. आपण पाहतो आणि आणखी पाणी ओततो!

हे थोडे दिवस चालले तर मुळे मरतात आणि त्यांच्यावर कुजवणाऱ्या बुरशा चढतात. मग दार उघडायला कोणी उरतच नाही. आम्ही तुळस मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढली आणि मुळे बादलीत धुतली. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळे आणि टणक असते. इथे बहुतेक मुळे तपकिरी होती. चिमटीत धरून ओढले की साल मोज्यासारखी निघून येई आणि आत दोऱ्यासारखा तंतू राही. शिक्षकांनी हे आळीपाळीने करून पाहिले. एकदा बोटांना कळले की ते विसरत नाही.

याच्याशी मिळताजुळता पण वेगळा असा एक प्रकार टोमॅटोत दिसतो. पाणी साचलेल्या वाफ्यातल्या टोमॅटोची पाने खाली झुकतात, पण हात लावून पाहिले तर ती लुळी नसतात, ताठच असतात. गुदमरलेल्या मुळांतून एक द्रव्य वर चढते, पानांत त्याचे इथिलीन होते आणि त्यामुळे देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते. देठ वाकतो. म्हणून झुकलेल्या पानाला बोटांनी चाचपून पाहावे. लुळे असेल तर पाण्याचा दाब गेला आहे. ताठ असून झुकले असेल तर वाढीची दिशा बदलली आहे.

ओली माती, पांढरी मुळे, तरीही

कधी माती वाफशावर असते, मुळे पांढरी असतात आणि तरी झाड मलूल असते. अशा वेळी कुंडीच्या बाहेरच्या बाजूवर आणि मातीवर पांढरी भुकटी जमली आहे का पाहावे. बोअरचे पाणी बऱ्याचदा जड असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत कुंडीतले पाणी झाडाच्या दृष्टीने मिठाचे होते. बटाट्याच्या सळीचीच गोष्ट. रासायनिक खत जास्त झाले तर हेच एका दिवसात घडते. आम्हीही यातून गेलो आहोत. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या माणसाने घरच्या क्रोटनला उदार मनाने मूठभर युरिया घातला आणि तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या पाहिल्या. घरात त्या प्रसंगाची आठवण अजून काढली जाते. अशा कुंडीला भोक मोकळे ठेवून, कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीनपट पाणी सावकाश सोडून धुऊन काढावे, शक्य तर पावसाच्या पाण्याने.

कच्चे शेणखत घातलेल्या कुंडीत हुमणीच्या अळ्या सापडतात. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या या अळ्या मुळे कुरतडतात. झाड हलवले आणि ते खिळखिळे वाटले तर माती उकरून पाहावी.

उजेडाच्या कमतरतेचे उदाहरण तुळजापुरात शोधावे लागत नाही. नवरात्रात घरोघर घट बसतात. पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात धान्य आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. नवव्या दिवशी जे अंकुर दिसतात ते लांब, पिवळट आणि आडवे पडणारे. देवघरातल्या मंद उजेडात रोप उजेडाच्या शोधात नुसते उंच वाढते, खोड जाड करायला त्याच्याजवळ काही नसते. खिडकीपासून दूर ठेवलेल्या घरातल्या झाडाचेही असेच होते. तेही मान टाकते, पण पाणी हे त्याचे औषध नव्हे.

याच घटाकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. त्याची भाजलेली माती सच्छिद्र असते, आतले पाणी पाझरत राहते. भोवतालची माती वाळली की पाझर वाढतो, भिजली की मंदावतो. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतली झाडे वाळतात, तेव्हा मोठ्या कुंडीत एक लहान, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवावे. मामांनी आठवड्यातून एक-दोनदा येऊन मडके भरले तरी भागते.

जेव्हा नळीच तुंबते

दुपारच्या सत्रात एका शिक्षकांनी विचारले, "आमच्या तुरीचं काय? फुलोऱ्यात असताना चांगली तूर एका रात्रीत माना टाकते. वाफसा असतो, मुळंही दिसायला बरी असतात." हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न होता, कारण कुंडीतली तुळस गेली तर वाईट वाटते, तूर गेली तर वर्ष जाते.

हा मर रोग. फ्युजेरियम उडम ही बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि जलवाहिन्यांत वाढते. वाहिन्या बुरशीच्या धाग्यांनी आणि झाडाने तिला अडवायला सोडलेल्या डिंकासारख्या द्रव्याने तुंबतात. मुळे, माती, पाणी सारे असते, नळी चोंदलेली असते. तुरीच्या या रोगाचे वर्णन ई. जे. बटलर यांनी १९०६ साली केले. ओळखायच्या खुणा शेतातच पाहता येतात. झाड पुष्कळदा एकाच बाजूने वाळते, खोडावर बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा असतो, आणि साल काढून खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. या रोपाला पाणी घालून काहीच साधत नाही. बुरशी धसकटांत आणि मातीत काही वर्षे टिकते, म्हणून मेलेली झाडे उपटून जाळावीत आणि त्या तुकड्यात तुरीवर तूर घेऊ नये. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेतले की मर कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडची जुनी पद्धत तीच होती. सोयाबीन आल्यावर ती मागे पडली. मर रोगाला दाद न देणारे वाणही आहेत, उदाहरणार्थ बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६.

टोमॅटो-वांग्याच्या रोपांत असाच प्रकार जिवाणूंमुळेही होतो, आणि त्याची परीक्षा वर्गात करण्याजोगी आहे. मलूल रोपाचे खोड बुंध्याशी कापा आणि कापलेले टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरून ठेवा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागतो. बुरशीच्या मरीत तसे होत नाही.

उजव्या बाजूची तुळस

डावी तुळस उभी राहिली होती. उजवीचे काय करायचे? कुजलेली मुळे कापून टाकली. मुळे कमी झाली, तर खर्चही कमी करायला हवा, म्हणून निम्म्याहून अधिक फांद्या आणि साऱ्या मंजिऱ्या छाटल्या. नव्या सैल मातीत लावून, एकदाच पाणी देऊन ती सावलीत ठेवली. खत घालायचे नाही असे बजावले. आजारी माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत. छाटलेल्यांपैकी पाच निरोगी शेंडे खालची पाने काढून पाण्याच्या पेल्यात उभे केले आणि वर प्लास्टिकची पिशवी उलटी घातली, म्हणजे मुळे येईपर्यंत पानांतून पाणी उडू नये. मूळ झाड वाचेल असे आम्ही सांगितले नाही, कारण आम्हाला तसे वाटत नव्हते.

महिन्याभराने बाईंचे पत्र आले. उजवीकडची तुळस बाराव्या दिवशी गेली. पाच शेंड्यांपैकी तिघांना मुळे फुटली आणि ती आता तीन कुंड्यांत आहेत. बाटल्यांतले पाणी फेकायचे नाही हा नियम तसाच आहे, पण पाणी आता एका झाकणाच्या बादलीत जमा होते. त्या बादलीतून कोणत्या कुंडीला किती द्यायचे हे सातवीतला तो मुलगा ठरवतो. त्याने किराणा दुकानातून जुना काटा मागून आणला आहे. पत्रासोबत त्याच्या वहीचे एक पान होते, त्यावर दर सकाळची वजने लिहिलेली. एका दिवसापुढे वजनाशेजारी शेरा होता: "जड आहे. आज पाणी नाही."